सोडलेले भुंगे गेले कुठं? आधी बागेत त्यांना खायला काय होतं ते बघू

दादा, प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुमची सासवडच्या बाजूला अडीच एकर सीताफळाची बाग, जात फुले पुरंदर. गेल्या वर्षी मिलीबगने (रस शोषणारी पांढरी पिठूळ कीड, कागदावर पिठ्या ढेकूण लिहितो आपण, पण बोलताना सगळे मिलीबगच म्हणतात) बरीच फळं खराब केली, म्हणून यंदा जूनच्या सुरुवातीलाच कडक फवारणी घेऊन बाग चकाचक केली, आठ दिवसांनी एकरी ६०० च्या शिफारशीने क्रिप्टोलिमसचे (थोडक्यात क्रिप्टो, मिलीबग खाणारा ढालकिड्याच्या कुळातला भुंगा) १५०० भुंगे आणून सोडले, दोन दिवस दिसले, तिसऱ्या दिवशी औषधाला एक नाही. आणि आता ऑगस्टात फळांच्या खाचांत पांढरं दिसायला लागलंय. तुम्ही विचारताय की विकणाऱ्याने फसवलं का, आणि आता दुप्पट आणून सोडू का.

आधीच सांगून टाकतो, मी स्वतः छोट्या लॅबमध्ये हे भुंगे तयार करतो आणि विकतो, म्हणजे "हो, दुप्पट सोडा" म्हणणं माझ्या फायद्याचं आहे. तरी माझं उत्तर दोन्ही प्रश्नांना नाही असंच आहे. फसवलं असण्याची शक्यता कमी वाटते, आणि दुप्पट सोडून उपयोग नाही. तुम्ही भुंग्यांची संख्या मोजली, तारीख पाळली, संध्याकाळी सोडले, सगळं नीट केलं. फक्त त्या दिवशी बागेत त्यांच्यासाठी खायला काय आहे हे कुणी बघितलं नाही. पाहुण्याला जेवायला बोलावलं आणि आदल्या दिवशी चूल विझवून भांडी घासून ठेवली असा प्रकार झाला.

यात एक पण आहे. जूनमध्ये कुठलं औषध मारलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पायरेथ्रॉइड गटातलं काही असेल तर आठ दिवसांनीही पानावरचा अंश भुंग्याला मारू शकतो. बुप्रोफेझिनसारखं वाढ रोखणारं असेल तर मोठा भुंगा जगतो पण त्याची अंडी आणि अळ्या मार खातात, आणि आपल्याला वाटतं भुंगे तर फिरत होते मग पुढं काय झालं. पण मेलेले भुंगे झाडाखाली पडलेले दिसतात, दोन दिवस नीट फिरून तिसऱ्या दिवशी सगळेच गायब होणं हे मला उडून गेल्याचं लक्षण वाटतं. शेजारच्या कुणाच्या पेरूत किंवा बांधावरच्या जास्वंदीवर मिलीबग असेल तर तुमचे भुंगे आज तिथं पंगतीला बसलेले असतील, जाऊन बघा एकदा, मी गंमत करत नाहीये. एका बागायतदाराच्या घराच्या कुंपणावरच्या जास्वंदीवर मला त्यानेच पैसे देऊन आणलेले भुंगे सापडले होते, बागेपासून पन्नास-साठ पावलांवर.

आता ते का उडतात ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय आपोआप होतात.

परभक्षी कीटक, म्हणजे दुसऱ्या किडीला धरून खाणारा, तो झाडावर शत्रू शोधायला येत नाही, पोट भरायला येतो. उपाशी भुंगा फांदीवरून सरळ चालत राहतो, फार थांबत नाही. एखादा मिलीबग सापडला, खाल्ला, की त्याची चाल बदलते, तो हळू होतो, वळत वळत त्याच जागेच्या आसपास शोधायला लागतो, कारण मिलीबग एकटा नसतो, एक सापडला म्हणजे शेजारी गोतावळा असणार. काही वेळ काहीच नाही मिळालं तर परत सरळ चाल, मग फांदीचं टोक, आणि टोकावरून पंख उघडले की गेला. हे तुम्ही काचेच्या बरणीत एक फांदी ठेवून घरी बघू शकता. म्हणजे स्वच्छ बागेत सोडलेला भुंगा दोन दिवस चालून बघतो आणि निघून जातो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ही बऱ्याच कृषी केंद्रवाल्यांनाही सांगता येत नाही. क्रिप्टोलिमसच्या मादीला नुसता मिलीबग असून चालत नाही, तिला अंडी घालायला मिलीबगच्या अंडीपिशव्या लागतात. तो कापसाच्या बोळ्यासारखा पांढरा पुंजका असतो ना, तो. त्यात किंवा त्याच्या अगदी शेजारी ती आपली अंडी घालते, म्हणजे पिल्लू बाहेर आलं की ताट समोर. झाडावर थोडे सुटे मिलीबग आहेत पण पिशव्या नाहीत अशा वेळी मोठा भुंगा खाऊन जगेल, पण पोरंबाळं करणार नाही. आणि आपलं सगळं काम ती पोरंबाळंच करतात. मोठे भुंगे म्हणजे फक्त बियाणं.

हे मी पुस्तकातून कमी आणि डांगरातून जास्त शिकलो. आमच्याकडे भुंगे लाल भोपळ्यावर वाढवतात. चांगला पिकलेला, देठासकट, वर खोल खाचा असलेला डांगर घ्यायचा, धुवून बुरशीनाशकात बुडवायचा, त्यावर आधी मिलीबगची पिल्लं चढवायची, ती वाढून पंधरा-वीस दिवसांत डांगर पांढराशुभ्र झाला आणि पिशव्या दिसल्या की मगच पिंजऱ्यात भुंगे सोडायचे. म्हणजे आम्ही आमचा अर्ध्याहून जास्त वेळ आणि खर्च भुंगे वाढवण्यात घालतच नाही, मिलीबग वाढवण्यात घालतो! सुरुवातीच्या वर्षी एक मोठी ऑर्डर होती, घाई केली, डांगर नीट भरायच्या आत भुंगे सोडले. अंडी थोडी मिळाली, अळ्या निघाल्या, बाराव्या दिवशी डांगरावरचं सगळं संपलं आणि अळ्यांनी एकमेकींना खायला सुरुवात केली. ज्या उरल्या त्यांचे भुंगे निघाले ते नेहमीपेक्षा बारके, आणि त्या माद्यांनी पुढे अंडीही कमी दिली. ऑर्डर अर्धीच गेली, शेतकऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून कुणी फोन करून "भुंगे पाहिजेत" म्हणलं की माझा पहिला प्रश्न असतो, झाडावर पिशव्या किती आहेत.

आता जरा हिशोब मांडू, म्हणजे दुप्पट सोडण्याला मी नाही का म्हणतो ते कळेल. तुमचं अंतर पाच बाय पाच मीटर धरलं तर एकरात १६० झाडं. ६०० भुंगे म्हणजे झाडाला चारच्या आत-बाहेर, त्यात दोन माद्या. मादी महिना-दोन महिने जगते आणि खायला भरपूर असेल तर दोनशेच्या वर अंडी देऊ शकते. पण आपण कंजुषी करू, २० अंडी धरू. दोन माद्यांच्या ४० अळ्या. एक अळी पूर्ण वाढेपर्यंत साधारण ९०० ते १५०० मिलीबगची अंडी किंवा ३०० पिल्लं खाते असा हिशोब आपल्याकडे धरतात. एका पिशवीत तीन-चारशे अंडी असतात असं धरलं तर एका अळीला तीन-चार पिशव्या लागतात, म्हणजे ४० अळ्यांना सव्वाशे-दीडशे पिशव्या, एका झाडावर! एवढ्या पिशव्या तुमच्या झाडावर जूनमध्ये होत्या का? नव्हत्या, दोन-चार असतील. मग १५०० च्या जागी ३००० सोडले असते तर काय फरक पडला असता, तेवढेच जास्त भुंगे शेजाऱ्याच्या बांधावर गेले असते. बागेत किती भुंगे टिकणार हे आपण किती सोडले यावर फार थोडं आणि ताटात किती आहे यावर फार जास्त अवलंबून असतं.

मग तुम्ही म्हणाल, मिलीबग भरपूर वाढू द्यायचा आणि मग सोडायचे? तर तेही नाही. तिथं दुसरी अडचण येते. पंगतीत लाडू कितीही वाढले तरी माणूस खाऊन खाऊन किती खाणार. १९५९ मध्ये होलिंग नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने यावर एक मजेशीर प्रयोग केला होता, एका सहाय्यकाचे डोळे बांधले, टेबलावर सँडपेपरच्या चकत्या लावल्या, आणि बोटाने चाचपून एकेक चकती उचलून बाजूला ठेव म्हणाला. चकत्या थोड्या होत्या तेव्हा शोधण्यातच वेळ जायचा. चकत्या वाढवल्या तसं उचलण्याचं प्रमाण वाढत गेलं, पण एका मर्यादेनंतर कितीही चकत्या पसरा, वाढ थांबली, कारण आता सगळा वेळ उचलून ठेवण्यातच जात होता. कीटकाचं तेच होतं, पकडायला, खायला, पचवायला वेळ लागतो. झाडावर दहा हजार मिलीबग झाले म्हणून भुंगा दिवसाला दहापट खात नाही. त्या अवस्थेत तो झाडाचं काही वाचवू शकत नाही, त्याची पुढची पिढी येईपर्यंत महिना जातो, आणि तोवर फळावर चिकटा, त्यावर काजळी बुरशी, आणि व्यापारी हात लावत नाही. भुंग्यांची फौज होते, अगदी झकास होते, फक्त तुमचा माल गेल्यावर होते.

म्हणजे योग्य वेळ ही या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे, आणि ती तारखेवर नाही, झाडावर लिहिलेली असते. माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो, तो शास्त्र म्हणून घेऊ नका, प्रत्येक बागेत थोडा बदलतो. बागेत आडवंतिडवं फिरून २० झाडं बघायची, खोड, फांद्यांची बेचकी, पानाखाली, आणि लहान फळ असेल तर देठाजवळ. वीसपैकी चार-पाच झाडांवर ताज्या पिशव्या दिसल्या, आणि फळांवर अजून चढलेला नाही, की सोडायचे. त्याच्या आत घाई नको. आणि निम्म्याहून जास्त झाडं पांढरी झाली असतील तर आधी दुसरं काहीतरी करून संख्या खाली आणायची, मग सोडायचे.

सोडतानाही सगळीकडे सारखे चार-चार वाटू नका. शिफारस एकरी असते म्हणून लोक मोजून झाडागणिक वाटतात, अगदी प्रसाद वाटल्यासारखं. ज्या झाडावर पिशव्या सापडल्या त्याला चिंधी बांधा, आणि भुंगे त्या चिंधीच्या झाडांवरच सोडा, झाडाला पंधरा-वीस. तिथं ते टिकतील, अंडी घालतील, आणि तिथलं संपत आलं की नवीन भुंगे आपोआप शेजारच्या झाडावर जातील. तसे ते उडतातच, ते कौशल्य त्यांना आपण शिकवायला नको.

आता एक प्रश्न हमखास येतो की मग बाजूच्या गावात कापसात, भाजीत लेडीबर्ड बीटल, आपला ढालकिडा, असतो तरी मावा का आटोक्यात येत नाही. इथं फरक पिढीच्या वेगाचा आहे. माव्याची पिढी आठ-दहा दिवसांत होते, ढालकिड्याची अंड्यापासून भुंग्यापर्यंत तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे ढालकिड्याची एक पिढी होईपर्यंत माव्याच्या तीन होऊन जातात, आणि बऱ्याचदा ढालकिड्याच्या अळ्या अर्धवट असतानाच मावा आपला आपण उडून किंवा ऊन वाढून संपतो, अळ्या उपाशी. म्हणून म्हणे शहाणी मादी जिथं आधीच दुसऱ्या अळ्या फिरून गेल्याचा माग असतो तिथं अंडी घालायचं टाळते. मिलीबगचं तसं नाही. मिलीबगची पिढीसुद्धा महिन्याच्या आसपास, क्रिप्टोचीही तेवढीच. दोघं एकाच चालीने चालतात, मिलीबग जागाही फार सोडत नाही, म्हणून इथं भुंगा खरोखर मात करू शकतो. जगात ढालकिड्यांच्या ज्या गाजलेल्या यशोगाथा आहेत त्या बहुतेक मिलीबग आणि खवले किडीवरच्याच आहेत, माव्यावरच्या फार थोड्या. सगळ्यात गाजलेली म्हणजे कॅलिफोर्नियातली, १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून व्हेडालिया नावाचा छोटा लाल-काळा भुंगा नेला आणि संत्र्यावरची कापशी खवले कीड दोन वर्षांत आटोक्यात आली. तो भुंगा जवळजवळ तेवढंच खातो, दुसरं काही नाही. आणि पुढं त्याच भागात डीडीटी आलं, भुंगे मेले, आणि कीड परत उसळली, हेही तितकंच खरं.

आपल्या क्रिप्टोचीही गंमत ऐका. हाही मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात आणला १८९८ मध्ये, आणि आणला होता दक्षिणेत कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. तिथं त्याचं फारसं जमलं नाही, पण मिलीबग मिळाले तिथं तो टिकला. सव्वाशे वर्षांपूर्वी पण मुद्दा तोच होता, ताटात त्याच्या आवडीचं आहे का. म्हणून तुमच्या बागेत पांढरं दिसतंय ते नक्की मिलीबगच आहे ना हे पण एकदा बघून घ्या, खवले कीड असेल तर हा भुंगा त्यावर मन लावून काम करणार नाही.

मी या धंद्यात आलो ते ऊसामुळे, म्हणून थोडं विषयांतर. २००२ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे ऊसावर लोकरी मावा आला तेव्हा लोक हादरले होते, पानं पांढरी, खाली चिकटा, त्यावर काजळी. फवारणी करायची तर उभ्या ऊसात शिरायचं कसं. तेव्हा डिफा नावाची एक अळी आणि मायक्रोमस नावाचा कीटक हे दोन परभक्षी त्या माव्यावर आपोआप यायला लागले. शिफारस होती हेक्टरी डिफाच्या १००० अळ्या किंवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या. पण डिफाला जिवंत लोकरी मावाच लागायचा, लॅबमध्ये स्वस्तात वाढवणं अवघड, म्हणून शेडनेटमध्ये ऊस लावून त्यावर मुद्दाम मावा वाढवून डिफा तयार करायचे, किंवा एका शेतातली डिफाची पानं कापून दुसऱ्या शेतात पानाला टाचून यायचे. मी तेव्हा पोरगेला होतो, मोटरसायकलवर गोणपाटात पानं घेऊन फिरलोय. आणि तिथं एक गोष्ट कायम दिसली, ज्याने मावा दिसताच फवारून मारला त्याच्याकडे डिफा टिकला नाही आणि मावा परत आला, ज्याने एखाद्या कोपऱ्यात मावा राहू दिला त्याच्याकडे डिफा पुढच्या लाटेला घरचाच हजर. शेतकऱ्याला हे सांगणं फार जड जातं बरं का, की कीड थोडी राहू द्या. माझे वडील पण ऐकायचे नाहीत.

तुमच्या बागेत त्याचा अर्थ असा. शंभर टक्के स्वच्छ बाग हे भुंग्यांच्या दृष्टीने वाळवंट. कडेच्या एक-दोन ओळी फवारणीतून वगळा, तिथं थोडा मिलीबग राहिला तर भुंग्यांचा मुक्काम राहील. पण हे ज्याला दर आठवड्याला बागेत फिरायची सवय आहे त्याच्यासाठी. जो पुण्यात नोकरी करून रविवारी बागेत येतो त्याने हा प्रयोग करू नये, कारण ती कडेची ओळ हाताबाहेर कधी गेली हे त्याला कळणारच नाही.

खाणं आहे पण भुंग्याला मिळत नाही, अशीही एक परिस्थिती असते आणि ती सीताफळात फार. मुंग्या! मिलीबगचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, त्यासाठी त्या मिलीबगची राखण करतात, भुंगा जवळ आला की चावून हाकलतात. आपण झाडावर मिलीबग बघतो आणि म्हणतो भरपूर खायला आहे, पण भुंग्यासाठी ते कुलूपबंद कपाटातलं फराळाचं. म्हणून भुंगे सोडण्याआधी खोडाला जमिनीपासून हात-दीड हातावर वीतभर रुंद प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून त्यावर ग्रीस लावा, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा (नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतातच), तण काढा, गाजर गवत तर अजिबात ठेवू नका, त्यावर पण मिलीबग राहतो. हे एवढं केलं तर त्याच भुंग्यांचं काम किती वाढतं ते तुम्हीच बघाल. तसंच सालीच्या फटीत लपलेला मिलीबग, तो पण असून नसल्यासारखा.

थंडीचं पण लक्षात ठेवा. पुरंदरात डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा क्रिप्टो सुस्त असतो, खाणं कमी, अंडी कमी. कडक उन्हाळ्यातही त्याला त्रास होतो. म्हणजे समोर ताट असून भूक नाही असे पण दिवस असतात.

काही लोक विचारतात खाणं कमी पडलं तर भुंगे किंवा दुसरे मित्रकीटक पिकालाच खातील का. क्रिप्टो नाही खात, निर्धास्त रहा. पण सगळ्यांच्या बाबतीत असं नाही. टोमॅटोवर नेसिडिओकोरिस म्हणून एक बारीक हिरवट ढेकूण असतो, तो पांढरी माशी छान खातो, पण पांढरी माशी संपली की टोमॅटोच्या कोवळ्या शेंड्यात आणि देठात सोंड खुपसतो, तिथं तपकिरी कडी पडतात, फुलं गळतात. एकच प्राणी, आठवड्यापूर्वी मित्र आणि आता कीड, मधे बदललं काय तर फक्त ताट. आणि क्रायसोपर्लाची, ती हिरवी जाळीदार पंखांची माशी, तिची अळी कशी आहे तर भुकेली असली की सख्ख्या भावंडाला खाते, म्हणून तर आई प्रत्येक अंडं वेगळ्या केसासारख्या देठावर ठेवते आणि म्हणून तर लॅबमध्ये प्रत्येक अळी वेगळ्या कप्प्यात ठेवावी लागते. तिचा मोठा पतंगासारखा कीटक मात्र शिकार करतच नाही, त्याला परागकण आणि मधरस लागतो, म्हणून कापसाच्या कडेने मका, चवळी लावा म्हणतात ते त्यासाठी. चवळीवर मावा येतो, तो कापसाला फारसा त्रास देत नाही, आणि ढालकिड्याला कापसावर कीड यायच्या आधीपासून डबा चालू राहतो. सीताफळाला हा चवळीचा उपाय लागू पडत नाही, क्रिप्टोला माव्यात फार रस नाही.

आता तुमचं या घडीला काय करायचं. हे तोडणी किती दिवसांवर आहे त्यावर ठरेल, तुम्ही ते लिहिलं नाही.

तोडणी दोन-तीन आठवड्यांत सुरू होणार असेल तर या हंगामासाठी भुंग्यांवर एक रुपया घालू नका. त्यांचं अंड्यापासून अळी मोठी होईपर्यंत तीन आठवडे जातात, तोवर माल बाजारात असेल. जास्त पांढरी झालेली फळं काढून बागेबाहेर नेऊन पुरा, बांधावर टाकू नका. बाकीच्यांवर पाण्याचा जोरदार फवारा, आणि हवेत ओल आहे तोवर व्हर्टिसिलियम लेकॅनी (किडीला मारणारी बुरशी) ४० ग्रॅम १० लिटर पाण्याला, थोडं दूध घालून, संध्याकाळी. पाऊस उघडून कोरडं पडलं तर बुरशीचा फार उपयोग होत नाही, ती ओलीची भुकेली आहे. मुंग्यांच्या पट्ट्या आजच लावा, त्याला वाट बघायची गरज नाही.

तोडणीला दीड-दोन महिने असतील, उशिराचा बहार असेल, तर मग वरचं सगळं करून दहा-बारा दिवसांनी झाडं तपासा, आणि पिशव्या असलेल्या झाडांवर, फक्त त्याच झाडांवर, भुंगे सोडा. एकदम १५०० नकोत, सातशे-आठशे आणा, पंधरा दिवसांनी अळ्या दिसतात का बघा आणि मग पुढचं ठरवा. आणताना विचारा की भुंगे किती दिवसांचे आहेत. कोषातून नुकते बाहेर पडलेले लगेच अंडी घालत नाहीत, त्यांना खाऊनपिऊन, जोडी जमून, आठवडाभर लागतो. आठ-दहा दिवसांचे, लॅबमध्ये नीट जेवलेले भुंगे मिळाले तर ते उतरल्या उतरल्या कामाला लागतात. डब्यात बारके बारके भुंगे जास्त दिसले तर समजा त्यांची अळीपणी उपासमार झालीय, तिथं मात्र विकणाऱ्याला जाब विचारा.

आणि एक, हे अगदी कळकळीने. क्रिप्टोची अळी दिसायला मिलीबगसारखीच असते, अंगावर पांढऱ्या मेणाचे झुपके, उलट मिलीबगपेक्षा जास्त भयंकर दिसते. दरवर्षी कुणी ना कुणी फोन करतं की भाऊ तुमचे भुंगे सोडले आणि मिलीबग डबल साइजचा झाला, फवारणी घेतली! काडीने डिवचून बघा. मिलीबग जागचा हलत नाही किंवा मुंगीच्या पावलाने सरकतो, अळी तुरुतुरु पळते. पळाली तर पंप परत खोलीत ठेवा.

पुढच्या वर्षी जूनमध्ये सरसकट कडक फवारणी न घेता मार्च-एप्रिलपासूनच दर पंधरा दिवसांनी ती वीस झाडांची फेरी मारा, पट्ट्या आधीच लावा, जिथं पहिल्या पिशव्या दिसतील तिथं पहिले भुंगे. तुम्हाला बहुतेक एकरी ६०० लागणारच नाहीत.

फसवलं की नाही याबद्दल राहिलं. दोन दिवस भुंगे चालत-फिरत होते म्हणजे ते जिवंत आणि धडधाकट होते. पण विकणाऱ्याने बागेत आता काय आहे, शेवटची फवारणी कधी झाली, हे दोन प्रश्न विचारायला हवे होते. मी पण पहिली दोन-तीन वर्षं विचारत नव्हतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

तोडणी कधी आहे, जूनमध्ये मारलेल्या औषधाचं नाव, आणि दोन फोटो, एक फळाच्या खाचेचा आणि एक खोडाच्या बेचक्याचा, जवळून आणि उजेडात, एवढं पाठवा. पिशव्या ताज्या आहेत की रिकाम्या ते फोटोवरून कळतं बऱ्यापैकी.